दगडाचं पीठ प्लास्टिकला धरून ठेवतं कसं: अ‍ॅक्रिलिक अ‍ॅसिडच्या लेपाची पहिली बॅच

गडद रंगाच्या प्लास्टिकच्या खुर्चीचा हात जरा जोर लावून वाकवून बघा. वाकलेल्या जागी दुधाळ पांढरा पट्टा उमटतो आणि हात सोडला तरी तो जात नाही. रंग उडाला असं आपल्याला वाटतं, पण रंग आहे तिथेच असतो. प्लास्टिकमध्ये मिसळलेल्या दगडाच्या पिठाचे कण आजूबाजूच्या प्लास्टिकपासून सुटलेले असतात. प्रत्येक कणाभोवती बारीक पोकळी तयार होते आणि त्या असंख्य पोकळ्यांवर उजेड विखुरला की तो भाग पांढरा दिसतो. या लेखाचा विषय हाच आहे: कण सुटू नये म्हणून त्याच्या अंगावर काय चढवायचं आणि कसं.

कंपाउंडिंगच्या, म्हणजे प्लास्टिकमध्ये पावडर मिसळून दाणे काढण्याच्या, धंद्यात नव्याने आलेल्या मुलामुलींसाठी हे लिहिते आहे. लॅबमध्ये पहिल्यांदा कोटिंगचं काम हातात येतं तेव्हा सगळे एकच सांगतात, ‘एक टक्का टाक आणि मिक्सर फिरव.’ एवढ्यावर काम होत नाही, आणि का होत नाही हे कळलं की पुढचं सगळं सोपं जातं.

आधी थोडं मूळ समजून घेऊ. पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे आपलं पीपी, तेलकट स्वभावाचं आहे. कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे दळलेली चुनखडी किंवा कॅल्साइट, पाण्याशी सलगी करणारं. दोघांचं आपणहून जमत नाही. पावडरचे कण एकमेकांनाच चिकटून गुठळ्या करतात आणि त्या गुठळीपासूनच तुकडा मोडतो. यावर दोन वेगवेगळे इलाज आहेत आणि नवा माणूस नेमकी इथेच गल्लत करतो.

पहिला इलाज स्टिअरिक अ‍ॅसिडचा. बाजारात ‘कोटेड’ म्हणून मिळणारी बहुतेक कार्बोनेट पावडर यानेच कोट केलेली असते. या रेणूचं एक टोक आम्लाचं असतं. ते दगडाशी अभिक्रिया करून घट्ट बसतं. बाकीची सतरा कार्बनची शेपटी बाहेर राहते आणि कणाला तेलकट करते. गुठळ्या सुटतात, पावडर छान पसरते, माल मशीनमधून सहज वाहतो, बहुतेक वेळा आघात सोसण्याची ताकदही वाढते. पण ती शेपटी प्लास्टिकला धरत नाही, नुसती त्याच्या शेजारी बसते. त्यामुळे ओढताना कण लवकर सुटतो आणि ताण सोसण्याची ताकद कोट न केलेल्या पावडरपेक्षाही थोडी खाली येऊ शकते.

दुसरा इलाज अ‍ॅक्रिलिक अ‍ॅसिडचा. हा रेणू अगदी छोटा, तीन कार्बनचा. त्याचंही एक टोक आम्लाचं आहे, ते दगड धरतं. दुसऱ्या टोकाला कार्बन-कार्बन दुहेरी बंध असतो. वितळलेल्या पीपीमध्ये मुक्त मूलक, म्हणजे झटकन अभिक्रिया करणारे रेणूंचे तुकडे, तयार केले तर हा बंध उघडतो आणि पॉलिमरच्या साखळीला जोडला जातो. दगड आणि प्लास्टिक अशा दोघांनाही धरणारा हा हात आहे. मात्र दोन्हीकडची पकड बसायला हवी. एका बाजूची पकड सुटली तर सगळी मेहनत पाण्यात.

म्हणून काम सुरू करण्यापूर्वी ज्याला माल द्यायचा त्याला विचारा: तुम्हाला पावडर नीट पसरलेली हवी आहे की ताकद हवी आहे? फक्त पसरायला हवी असेल तर स्टिअरिक पुरेसं आहे. ते स्वस्त आहे, हाताळायला सुरक्षित आहे, आणि तिथे अ‍ॅक्रिलिकच्या वाटेला जाऊ नका असं मी स्पष्ट सांगेन.

तुमचा दगड आम्ल धरतो का?

कार्बोनेट धरतो. डोलोमाइट, मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड आणि अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइडही धरतात. शंखजिरं, म्हणजे टाल्क, जवळजवळ धरत नाही. त्याच्या पापुद्र्यांचे सपाट पृष्ठभाग निष्क्रिय असतात, अभिक्रिया होण्यासारखी जागा फक्त कडांना असते. सिलिकावरही कार्बॉक्सिलिक आम्लाचा उपयोग नाही, तिथे सिलेन, म्हणजे सिलिकॉनचं जोडद्रव्य, लागतं. उलट, सिलेन कार्बोनेटवर नीट बसत नाही, कारण त्याला लागणारे हायड्रॉक्सिल गट कार्बोनेटच्या पृष्ठभागावर पुरेसे नसतात. सिलेन महाग आहे म्हणजे सगळ्यांत चांगलं असणार, या समजुतीने कार्बोनेटवर सिलेन वाया घालवलेलं मी पाहिलं आहे.

इथून पुढे सगळं पीपी आणि दळलेलं कॅल्शियम कार्बोनेट या जोडीबद्दल आहे.

किती टाकायचं: हिशोब क्षेत्रफळाचा

‘एक टक्का’ हा आकडा पावडर न बघता सांगितलेला असतो. लेप वजनाला बसत नाही, पृष्ठभागाला बसतो. पीठ जितकं बारीक, तितकं एका ग्रॅममागे क्षेत्रफळ जास्त. पुरवठादाराकडून विशिष्ट पृष्ठफळ मागून घ्या. ते चौरस मीटर प्रति ग्रॅम असं लिहिलेलं असतं.

उभ्या राहिलेल्या आम्लाच्या एका रेणूला पृष्ठभागावर साधारण ०.२१ चौरस नॅनोमीटर जागा लागते. त्यावरून एकेरी थराचा हिशोब निघतो. स्टिअरिक अ‍ॅसिडचा रेणूभार २८४.५ आहे, म्हणून दर चौरस मीटरला सुमारे २.२५ मिलिग्रॅम. अ‍ॅक्रिलिकचा रेणूभार ७२ आहे, म्हणून सुमारे ०.५७ मिलिग्रॅम. आता तुमची पावडर ५ चौरस मीटर प्रति ग्रॅमची आहे असं धरा. एक किलोचं क्षेत्रफळ झालं ५,००० चौरस मीटर. स्टिअरिक लागेल सुमारे ११ ग्रॅम, म्हणजे १.१ टक्का. अ‍ॅक्रिलिक लागेल सुमारे २.९ ग्रॅम, म्हणजे जेमतेम ०.३ टक्का. ‘एक टक्का’ स्टिअरिकला चालून जातो. अ‍ॅक्रिलिकला तोच आकडा लावला तर गरजेच्या तिप्पट माल पडतो आणि जादा माल कणांच्या मधे सुटं मीठ (म्हणजे आम्लाचा क्षार) होऊन बसतो.

प्रत्यक्षात फवारणी कधीच एकसारखी बसत नाही, म्हणून पहिल्या फेरीत तीन बॅच करा: ०.३, ०.६ आणि ०.९ टक्के. कुठे थांबायचं ते चाचणीतून कळेल.

बाटली उघडण्यापूर्वी

हा भाग घाईत वाचू नका.

अ‍ॅक्रिलिक अ‍ॅसिड कातडी भाजतं आणि डोळ्याला कायमची इजा करू शकतं. वास व्हिनेगरसारखा, पण कितीतरी झोंबरा. हवेतलं प्रमाण आठ तासांच्या सरासरीत २ पीपीएमच्या (दहा लाखांत दोन भाग) आत ठेवावं, अशी अमेरिकेतल्या एसीजीआयएच या संस्थेची शिफारस आहे. त्यामुळे काम फ्यूम हूडमध्ये किंवा चालू एक्झॉस्टखालीच करायचं. लॅबमधले पातळ निळे नायट्राइल हातमोजे याला पुरत नाहीत, ब्यूटाइल रबरचे घ्या. चष्म्यावर फेस शील्ड लावा. अंगावर उडालं तर लगेच कपडे काढून किमान पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवायचं आणि मग डॉक्टरकडे जायचं. हा क्रम उलटा करायचा नाही.

दुसरा धोका आपोआप पॉलिमर होण्याचा. ते होऊ नये म्हणून बाटलीत साधारण २०० पीपीएम एमईएचक्यू नावाचा रोधक घातलेला असतो. पण या रोधकाला काम करायला आम्लात विरघळलेला ऑक्सिजन लागतो. म्हणून बाटलीत नायट्रोजन भरायचा नाही आणि ती काठोकाठही भरायची नाही. साठवणीचं तापमान १५ ते २५ अंश. आम्ल साधारण १३ अंशाला गोठतं. गोठताना रोधक एका बाजूला राहतो आणि स्फटिक शुद्ध आम्लाचे होतात. मग कोणी वितळवायला गरम पाण्यात किंवा हीटरजवळ ठेवलं की रोधक नसलेलं आम्ल तापतं आणि भडका उडतो. नाशिक-पुण्याकडच्या थंडीत पत्र्याच्या शेडमध्ये पहाटे पारा १३ च्या खाली जातो, तेव्हा बाटली शेडमध्ये ठेवायचीच नाही. आणि मे महिन्यात तीच शेड चाळिशी गाठते, तेव्हाही नाही.

जपानमध्ये हिमेजी इथल्या कारखान्यात २९ सप्टेंबर २०१२ रोजी अ‍ॅक्रिलिक अ‍ॅसिडच्या टाकीत असंच पॉलिमर होत जाऊन टाकी फुटली. एका अग्निशमन जवानाचा जीव गेला आणि छत्तीस जण जखमी झाले. आपल्याकडे अर्ध्या लिटरची बाटली असते हे खरं, पण आत घडतं ते तेच.

आणखी एक नियम: अ‍ॅसिड आणि पेरॉक्साइड (मूलक तयार करणारं रसायन) एका टेबलावर, एका कपाटात, एका भांड्यात कधीही नाही. पेरॉक्साइडचा प्रवेश पुढे होतो, तोपर्यंत आम्ल दगडावर बसून मीठ झालेलं असतं.

लेप चढवताना

पावडर आधी १०५ अंशाला दोन तास वाळवा आणि थंड होऊ द्या. थंड होऊ देणं महत्त्वाचं आहे, कारण आम्लाचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते तो, ५० अंशाच्या आसपास आहे. गरम मिक्सरमध्ये फवारलं तर अर्धं वाफ होऊन एक्झॉस्टमधून जातं आणि उरलेलं पेट घेऊ शकतं. स्टिअरिक वितळवण्यासाठी मिक्सर ८०-१०० अंशाला नेण्याची सवय असते, ती इथे विसरायची.

एक किलो पावडर स्टीलच्या हाय-स्पीड मिक्सरमध्ये घ्या. स्टील स्टेनलेसच हवं. साधं लोखंड आम्लात गंजतं, लोहाचे क्षार पॉलिमर व्हायला चिथावणी देतात आणि पावडरवर पिवळट झाक येते. ०.६ टक्क्याच्या बॅचला ६ ग्रॅम आम्ल तेवढ्याच पाण्यात मिसळा. इतक्या थोड्या द्रवाला अख्ख्या किलोभर पावडरमध्ये पोचवायला पाणी मदत करतं. मिक्सर मध्यम वेगाने फिरत असताना हे मिश्रण बारीक फवाऱ्याने दहा मिनिटांत सोडा. धार लावली तर धारेखालची मूठभर पावडर सगळं आम्ल पिऊन गोळा होते आणि बाकीची कोरडीच राहते. नंतर पंधरा मिनिटं फिरवा. फवारणी चालू असताना तापमान ४० अंशांपुढे जाऊ देऊ नका. घर्षणाने ते चढतं, तसं झालं तर थांबून थांबून चालवा.

आत काय होतं ते समजून घ्या. आम्लाचे दोन रेणू आणि कार्बोनेटचा एक यांच्यापासून कॅल्शियम अ‍ॅक्रिलेट, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतात. ६ ग्रॅम आम्ल पूर्ण वापरलं गेलं की साधारण एक लिटर वायू निघतो. मी नवीन होते तेव्हा मिक्सरमधून काढलेली पावडर लगेच झाकणाच्या डब्यात घट्ट बंद करून टेबलावर ठेवली होती. जेवून परत आले तर मदतनीस दारातच म्हणाला, ‘मॅडम, झाकण उडालं बघा.’ टेबलभर पांढरी पावडर पसरली होती. अभिक्रिया मिक्सर बंद केल्यावरही चालू राहते. म्हणून पावडर उघड्या ट्रेमध्ये दोन सेंटिमीटरपेक्षा जाड नसलेल्या थरात पसरा, रात्रभर एक्झॉस्टखाली ठेवा आणि दुसऱ्या दिवशी ८० अंशाला वाळवा. त्याहून जास्त तापवून घाई केली तर दुहेरी बंध आपापसातच जुळू लागतात आणि पीपीला धरायला काही उरत नाही.

वाळवल्यावर नाकाला आम्लाचा वास येत असेल तर अभिक्रिया अपुरी आहे. परत मिक्सरमध्ये फिरवा.

आणि धुवायचं नाही. हे मी स्वतः चुकून शिकले आहे. जादा आम्ल निघून जावं म्हणून माझी एक अख्खी बॅच मी पाण्याने स्वच्छ धुतली, गाळली, वाळवली. पावडर सुंदर दिसत होती, पण पुढच्या सगळ्या चाचण्यांत ती कोट न केलेल्या पावडरसारखीच वागली. कॅल्शियम स्टिअरेट पाण्यात विरघळत नाही, कॅल्शियम अ‍ॅक्रिलेट सहज विरघळतं. धुण्याच्या पाण्याबरोबर माझा लेप गटारात गेला होता.

लेप बसला का?

स्टिअरिकच्या पावडरची नेहमीची परीक्षा म्हणजे पाण्यावर चिमूटभर टाकून बघणं: तरंगली तर कोटिंग झालं. अ‍ॅक्रिलिकला ही परीक्षा लावू नका. त्याचा लेप पाण्याशी जमवून घेणारा आहे, पावडर बुडणारच. बुडाली म्हणून चांगली बॅच फेकून दिली जाते, याची मला फार हळहळ वाटते.

एफटीआयआर, म्हणजे इन्फ्रारेड किरणांनी रेणूंतले बंध ओळखणारं यंत्र, असेल तर तीन गोष्टी बघा (आकडे प्रति सेंटिमीटरमध्ये). १७०० च्या आसपासचं मोकळ्या आम्लाचं शिखर गेलेलं हवं. १५५० च्या आसपास कार्बॉक्सिलेटचं शिखर आलेलं हवं. १६४० जवळ दुहेरी बंधाचं छोटं शिखर शिल्लक हवं. कार्बोनेटचा रुंद पट्टा १४३० ला असतो आणि शेजारच्या खुणा झाकून टाकतो, म्हणून कोट न केलेल्या पावडरचा आलेख वजा करून बघा. पहिलं शिखर गेलं आणि तिसरं टिकलं, की दगडाची बाजू जमली.

मशीनवर

आता दुसऱ्या टोकाची पकड. नुसती अ‍ॅक्रिलिक पावडर पीपीमध्ये घालून दाणा काढला तर फारसा फरक पडत नाही. बंध उघडायला मूलक लागतात आणि ते पेरॉक्साइड देतं. डायक्युमिल पेरॉक्साइडचं अर्धं आयुष्य १७५ अंशाच्या आसपास सुमारे एक मिनिट असतं. म्हणजे २०० अंशाच्या ट्विन स्क्रूमध्ये, म्हणजे दोन स्क्रूंनी माल वितळवून मिसळणाऱ्या यंत्रात, ते पूर्ण संपतं. मात्र त्याचा वास मालात राहतो, म्हणून घरगुती वस्तूंच्या मालाला दुसरं पेरॉक्साइड निवडतात. सुटी पावडर तोलण्याऐवजी पीपीमध्ये आधीच पातळ केलेला मास्टरबॅच घ्या. प्रमाण पीपीच्या वजनावर १००, २०० आणि ४०० पीपीएम असं चढवत न्या.

पेरॉक्साइड दुधारी आहे. पॉलिएथिलीनच्या साखळ्या ते एकमेकींना जोडतं, पण पीपीच्या साखळ्या तोडतं. जास्त झालं की एमएफआय (वितळलेला माल किती सहज वाहतो त्याचा आकडा) भराभर चढतो, माल पातळ होतो आणि कमावलेली ताकद निघून जाते. उलट बाजूला अँटिऑक्सिडंट आहे. त्याचं कामच मूलक खाणं. पीपीच्या ग्रेडमध्ये ते थोडं असतंच, तुम्ही वरून आणखी घालाल तर पेरॉक्साइड त्यातच संपेल.

पीपी आणि पेरॉक्साइड मुख्य हॉपरमधून, पावडर साइड फीडरमधून, आणि पुढे व्हॅक्यूम व्हेंट चालू. व्हेंट बंद असेल तर उरलेली वाफ आणि वायू स्ट्रँडमध्ये, म्हणजे यंत्रातून निघणाऱ्या प्लास्टिकच्या दोरीत, फुगे करतात. तुटलेला स्ट्रँड उजेडात धरला की बारीक छिद्रं दिसतात.

पण एकच बॅच चालवून निष्कर्ष काढू नका. निदान सहा लॉट लागतात: नुसतं पीपी, नुसतं पीपी आणि पेरॉक्साइड, कोट न केलेली पावडर, कोट न केलेली पावडर आणि पेरॉक्साइड, अ‍ॅक्रिलिक पावडर पेरॉक्साइडशिवाय, आणि अ‍ॅक्रिलिक पावडर पेरॉक्साइडसह. जमलं तर सातवा स्टिअरिकचा. चौथा लॉट लोक वेळ वाचवायला गाळतात. तोच नसेल तर फरक लेपाने पडला की पेरॉक्साइडने, हे सांगता येत नाही, आणि मग सगळे आकडे कागदावरच राहतात.

आकडे वाचताना

आधी राख, म्हणजे दाणा जाळून उरतं ते मोजणं. दाण्यात ठरवल्याप्रमाणे, समजा वजनाने ४० टक्के, पावडर खरंच गेली का ते पाहिल्याशिवाय ताकदीची तुलना करू नका. भट्टी ६०० अंशाला ठेवा. कोणी ९०० ला नेली तर कार्बोनेट स्वतःच फुटून चुना होतो, शंभरातले ४४ भाग वायू होऊन जातात आणि ४० टक्क्याच्या जागी साडेबावीसच्या आसपास दिसतं. मग फीडरला उगाच शिव्या बसतात. पडताळा घनतेवरून घ्या: पीपी ०.९०५, कार्बोनेट २.७१, वजनाने ४० टक्के भरलेल्या मालाची घनता १.२३ यायला हवी. त्याहून कमी आली तर पोकळ्या आहेत किंवा पावडर कमी गेली आहे. जाता जाता हेही ध्यानात घ्या की वजनाने ४० टक्के म्हणजे आकारमानाने फक्त १८ टक्के.

मग एमएफआय, २३० अंशाला २.१६ किलोवर. त्यानंतर ताण आणि आयझॉड (आघाताची चाचणी), सगळे तुकडे २३ अंशाला सारखाच वेळ ठेवून. पकड बसली असेल तर यील्डची ताकद, म्हणजे तुकडा कायमचा ताणला जाऊ लागतो तिथला ताण, कोट न केलेल्या दोन्ही लॉटपेक्षा स्पष्ट वर दिसते. लांबणं बहुधा कमी होतं. हा दोष नाही, कण सुटत नाहीत याचीच ती खूण आहे. ज्याला खुर्चीसारखी लवचीक वस्तू हवी त्याला हे आधीच सांगा. ०.६ आणि ०.९ च्या आकड्यांत फरक नसेल तर ०.६ वर थांबा.

यंत्रावर जाण्याआधी मी एक साधी गोष्ट नेहमी करते. सहाही लॉटच्या पट्ट्या ओळीने मांडून एकेक वाकवते. कोट न केलेली पांढरी फटक पडते. पकड बसलेली त्याच कोनाला कमी पांढरी पडते. सूक्ष्मदर्शकाखाली मोडलेला भाग बघितला तर पहिल्यात कण धुतल्यासारखे उघडे दिसतात, दुसऱ्यात त्यांच्या अंगाला प्लास्टिक लागलेलं असतं.

हे सगळं करूनही कधी कधी मेलेइक अ‍ॅनहायड्राइड जोडलेलं पीपी दोन-तीन टक्के घालून तेवढाच गुण मिळतो. ते दाण्याच्या रूपात येतं, आम्लाची बाटली उघडावी लागत नाही. म्हणून त्याचाही एक लॉट चालवा आणि किंमत शेजारी लिहा. मोठ्या प्रमाणावर न्यायचं असेल तर अ‍ॅक्रिलिकपेक्षा कमी उडणारी, तशीच दुहेरी बंध असलेली आम्लं मिळतात, त्यांचा आधी विचार करा. शॉप फ्लोअरवर काम करणाऱ्यांच्या डोळ्यांचा आणि फुफ्फुसांचा हिशोब किमतीच्या तक्त्यात येत नाही, तो आपणच करायचा असतो.

तरी अ‍ॅक्रिलिकच ठरलं, तर लॅबमधून प्लांटवर जाताना एक गुणाकार कागदावर करून मेंटेनन्सच्या माणसाच्या हातात द्या. १०० किलोच्या बॅचला ०.६ टक्के म्हणजे ६०० ग्रॅम आम्ल, आणि त्यातून सुमारे १०० लिटर कार्बन डायऑक्साइड. मिक्सरच्या झाकणावरची व्हेंटची नळी फिल्टर बॅगसकट मोकळी आहे, हे त्याने स्वतः उघडून पाहिल्याशिवाय बटण दाबू नका.